फोनमधलं एआय वापरायचंय? नवीन फोन राहू दे, आधी हे करून बघा

आत्याने दिवाळीत फोन घेतला. दुकानदार म्हणाला हा एआयवाला आहे, दोन हजार जास्त लागतील, तिने दिले. जानेवारीत मी वाईला गेलो तर बाई त्या फोनवर व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि टॉर्च एवढंच वापरत होती. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "अरे ते एआय कुठाय ते दाखव, पैसे मोजलेत त्याचे."

आता दाखवणार काय, कारण एआय असं लिहिलेलं एक बटण नसतंच, ते कीबोर्डात असतं, कॅमेऱ्यात असतं, फोटो शोधायच्या चौकोनात असतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या चार वर्षं जुन्या फोनमध्येपण होतं, दोन हजार न देता. दोन दिवस तिच्यासोबत बसून जे जे केलं ते इथे त्याच क्रमाने लिहितोय, नवीन माणसाला उपयोगी पडेल म्हणून.

एक सांगतो, फीचरांची यादी घेऊन बसू नका, कंटाळा येतो आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. घरात आत्ता अडलेलं एखादं काम घ्या आणि ते फोनकडून होतं का बघा. आत्याला यादी लिहायची होती, बीपीच्या मशीनचं पत्रक वाचायचं होतं आणि घरपट्टीची पावती सापडत नव्हती. तिथूनच सुरुवात केली.

आधी पाच मिनिटांची तयारी

प्ले स्टोअर उघडून गुगल, जीबोर्ड (म्हणजे गुगलचा कीबोर्ड), गुगल फोटोज आणि ट्रान्सलेट ही चार ॲप अपडेट करून घ्या. खूपदा फीचर नाही म्हणून लोक ओरडतात आणि ॲप दोन वर्षं अपडेटच केलेलं नसतं. मग सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. फोनची मुख्य भाषा इंग्रजी ठेवलीत तरी चालतं, मराठी दुसऱ्या नंबरला असली की पुरे.

मेनूची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात आणि अपडेट आलं की परत बदलतात, त्यामुळे "इथे जा, तिसरं बटण दाबा" असं सांगून उपयोग नाही. सेटिंग उघडा, वर भिंगाचं चिन्ह असतं तिथे फीचरचं नाव टाइप करा, फोन स्वतःच तिथे नेऊन सोडतो. ही एक सवय लागली की अर्धं काम झालं.

मी जास्त करून अँड्रॉइडबद्दल लिहितोय कारण आमच्या घरात सगळे तेच वापरतात. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ॲपल इंटेलिजन्स नावाचा ॲपलच्या एआयचा जो सगळा प्रकार आहे तो आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या फोनांवरच चालतो, साधा १५ असेल तर नाही. पण गुगलची ॲप आयफोनवरपण मिळतात, त्यामुळे खालचं बरंच काही तुम्हालाही करता येईल.

पहिलं काम: बोलून लिहायचं

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं. जीबोर्डवर मराठी बोलून टाइप करायची सोय २०१७ पासून आहे! तरी माझे काका अजून एका बोटाने "ok" च्या ऐवजी अंगठा पाठवतात कारण टाइप करायचा कंटाळा.

कीबोर्ड उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये भाषा, तिथे मराठी जोडा. दोन प्रकार दिसतील, एक देवनागरी अक्षरांचा आणि एक इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठीत उमटणारा, ज्याला जो जमेल तो घ्या. मग लिहायच्या जागेवर बोट ठेवा, स्पेसबारवरून भाषा मराठी आहे ना ते बघा (इथे बरेच लोक चुकतात, कीबोर्ड इंग्रजीत ठेवून मराठी बोलतात आणि मग भलतंच उमटतं), आणि माइकचं चिन्ह दाबून बोला.

बोलताना रेडिओवर बातम्या देतोय असं बोलायची गरज नाही, पण वाक्य तोडू नका. एकेक शब्द थांबून थांबून बोललात तर उलट जास्त चुकतं, कारण मागच्या-पुढच्या शब्दांवरूनच ते अंदाज बांधत असतं. आत्याने यादी सांगितली, "गूळ एक किलो, शेंगदाण्याचं कूट अर्धा किलो, पोहे जाडे." गूळ आला, पोहे आले, कुटाचं मात्र "खूट" झालं. तिने परत सांगितलं, परत खूट. मग म्हणाली, "शेंगदाण्याचा कूट लाडवासाठी," आणि बरोबर आलं. आजूबाजूला शब्द मिळाले की अंदाज सुधारतो, तो असा.

स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हाताने टाका. आणि पाठवायच्या आधी एकदा वाचा, विशेषतः आकडे. दीड, अडीच, साडेतीन हे आपले लाडके शब्द आहेत आणि नेमके तिथेच घोळ होतात, त्यामुळे पैशाचा आकडा मी तरी हातानेच टाइप करतो.

दुसरं काम: कॅमेऱ्याने वाचायचं

बीपीच्या मशीनसोबत जे पत्रक येतं ते तांदळाएवढ्या अक्षरात आणि इंग्रजीत. गुगल ॲप उघडलं की शोधायच्या पट्टीत उजवीकडे कॅमेऱ्याचं चिन्ह असतं, ते म्हणजे लेन्स. पत्रकावर धरा, खाली भाषांतर निवडा, भाषा मराठी करा, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी दिसायला लागतं. आत्याने तोंडावर हातच ठेवला.

मग वाचायला लागली, "कफ हाताच्या वरच्या भागाभोवती घट्ट गुंडाळा," आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कफ कसा गुंडाळायचा?" 😄 आता ही चूक म्हणावी तर चूकही नाही, त्या पट्ट्याला इंग्रजीत कफच म्हणतात, पण मराठी माणसाला कफ म्हणजे खोकल्यातलाच. त्यामुळे भाषांतरात एखादं वाक्य विचित्र वाटलं तर त्या शब्दावर अडू नका, चित्र बघा, मूळ शब्द बघा.

चांगलं वाचून घ्यायचं असेल तर:

कागद सपाट ठेवा, आणि उजेड बाजूने येऊ द्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटची तुमची सावली पडते ना, ती सगळ्यात जास्त नडते.

चालत्या कॅमेऱ्यातून वाचण्यापेक्षा आधी फोटो काढा आणि मग त्या फोटोवर लेन्स लावा, अक्षरं थरथरत नाहीत.

मजकूर निवडला की कॉपी करता येतो आणि ऐकतापण येतो. हे ऐकायचं बटण म्हातारी माणसं, चष्मा सापडत नसलेली माणसं, सगळ्यांसाठी फार भारी आहे आणि कोणाला माहीतच नसतं.

छापील मराठी बऱ्यापैकी वाचता येतं. हाताने लिहिलेलं मात्र नशिबावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या नादाला लागू नका. औषधाचं नाव आणि डोस केमिस्टलाच विचारा, फोनने सांगितलं म्हणून गोळी घेणारा माणूस मी बघितलाय आणि नशीब ती साधी व्हिटॅमिनची निघाली.

नव्या फोनांत हेच काम आणखी झटपट होतं. सर्कल टू सर्च नावाचं फीचर जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ आणि गुगलच्या पिक्सेल ८ बरोबर आलं, नंतर बऱ्याच फोनांना मिळालं. स्क्रीनवर खाली होमचं बटण किंवा आडवी रेघ असते ती दाबून धरा, मग जे शोधायचंय त्याभोवती बोटाने गोल काढा. व्हॉट्सॲपवर कोणी झाडाचा फोटो टाकून "हे कोणतं झाड" विचारलं की आता मीच पहिला उत्तर देतो. रानभाज्यांच्या बाबतीत मात्र त्या उत्तरावर विसंबून भाजी शिजवू नका, खरंच सांगतोय, दोन पानं सारखी दिसतात आणि एक विषारी असतं.

तिसरं काम: हरवलेली पावती

आत्याच्या फोनमध्ये सहा हजार फोटो, त्यातले चार हजार गुड मॉर्निंग. घरपट्टीच्या पावतीचा फोटो काढलेला तिला आठवत होता, कधी ते नाही. गुगल फोटोजमध्ये शोधायच्या जागी गेलो, आधी "पावती" टाकून बघितलं, काही धड आलं नाही, मग इंग्रजीत "receipt" असं न टाकता पावतीवर छापलेलं आडनावच टाकलं आणि तिसऱ्या फोटोत पावती हजर. फोटोतली अक्षरंसुद्धा शोधता येतात हे खूप जणांना माहीत नसतं. म्हणजे दुकानाचं नाव, गाडीचा नंबर, बिलावरचा ग्राहक क्रमांक, जे त्या कागदावर छापलंय ते टाका.

चेहऱ्यांचंपण तसंच. चेहऱ्यांचे गट करायचं सेटिंग चालू असेल तर ॲप एकाच माणसाचे फोटो एकत्र आणतं, तिथे नाव लिहून ठेवलं की पुढच्या वेळी नावाने शोधता येतं. आत्याच्या फोनमध्ये दोघी जुळ्या नातींना एकच माणूस समजून एकत्र टाकलं होतं, ते हाताने वेगळं करावं लागलं. त्यांच्या आईलाही कधी कधी कळत नाही म्हणा.

फोटोत नको असलेली माणसं, लोंबणाऱ्या वायरी पुसायचं मॅजिक इरेजर आधी पिक्सेल फोनवाल्यांना आणि पैसे भरणाऱ्यांनाच मिळायचं, मे २०२४ पासून ते गुगल फोटोजमध्ये सगळ्यांसाठी फुकट केलं. एडिट दाबा, इरेजर शोधा, वायरीवर बोट फिरवा. गणपतीच्या मखरामागचा एक्स्टेंशन बोर्ड असा गेला की विचारू नका. मागे साधी भिंत, आकाश, गवत असेल तर मस्त जमतं, पण मागे जाळी किंवा नक्षी असेल तर पुसलेल्या जागी शेवया दिसतात. आणि कागदपत्रांच्या, पासपोर्टच्या फोटोवर हे उद्योग करू नका.

चौथं: विचारायचं कसं

आता ज्याला लोक खरं एआय म्हणतात ते, जेमिनी, म्हणजे काही विचारलं की उत्तर देणारा गुगलचा असिस्टंट. बहुतेक नव्या अँड्रॉइडवर पॉवरचं बटण दाबून धरलं की येतं, नाहीतर ॲप टाका. जून २०२४ पासून भारतात मराठीसकट नऊ भारतीय भाषांत चालतं, म्हणजे मराठीत टाइप करा, मराठीत बोला, उत्तर मराठीत.

आत्याची तक्रार वेगळीच होती. वरच्या फ्लॅटमधून बाथरूममध्ये गळती, सोसायटीला पत्र द्यायचं होतं. तिने टाइप केलं, "पाणी गळतीचं पत्र लिही." जे आलं ते वाचून तीच म्हणाली, हे तहसीलदाराला पाठवायचंय का. "आपणास सूचित करण्यात येते की," "तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी," असलं सगळं, नाव-गाव काही नाही.

चूक तिची नव्हती, पण फोनला तरी काय माहीत वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि किती दिवस गळतंय. मग आम्ही असं विचारलं:

"सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहायचंय. आमच्या बाथरूमच्या छतातून जूनपासून पाणी गळतंय, वरच्या फ्लॅटमधून येतंय. दोनदा तोंडी सांगून झालं. भांडण नको, पण पंधरा दिवसांत प्लंबर आला पाहिजे हे स्पष्ट हवं. आठ-दहा ओळी, साध्या मराठीत, सरकारी शब्द नकोत."

बघा यात काय काय आलं, कोणाला लिहायचं, काय झालं, आधी काय केलं, सूर कसा हवा, किती लांब हवं. एवढं दिलं की पहिल्याच फटक्यात कामाचं पत्र येतं. नाही आलं तर नव्याने सुरुवात करू नका, त्याच्याखालीच लिहा, "तिसरं वाक्य काढ, 'विनंती' एकदाच ठेव." आपण मोठ्या भावाच्या लग्नाची पत्रिका करताना छापखान्यात बसून जसं सांगायचो तसंच. आणि मराठीत हिंदीचा वास येतो कधी कधी, "मला माफ करा मी मदत करू शकेन का" छापाचं, तिथे तुम्हीच हात फिरवा.

बोलत बोलत कॅमेरा दाखवायची सोयपण आहे, जेमिनी लाइव्ह. मशीनचं पॅनल, झाडावरची कीड, पोराचं गणित, समोर धरा आणि विचारा. गणितात सरळ उत्तर मागू नका, "उत्तर सांगू नको, माझं कुठे चुकलं ते सांग" असं म्हणा, नाहीतर पोरगं उतरवून मोकळं.

कशासाठी वापरू नये तेही सांगतो. बसची वेळ, सरकारी योजनेची शेवटची तारीख, कुठल्या ऑफिसचा फोन नंबर. अशाच एका असिस्टंटने मला रात्रीची शेवटची एसटी साडेनऊला आहे असं इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की मी निवांत जेवून स्टँडवर गेलो, गाडी कधीच गेलेली. हे प्रकार माहीत नसलं तरी गप्प बसत नाहीत, गावातल्या त्या एका माणसासारखे, पत्ता विचारला की नाही म्हणायचंच नाही.

ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी एक

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. लाइव्ह ट्रान्स्क्राइब म्हणून गुगलचं ॲप आहे, २०१९ पासून, अमेरिकेतल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाच्या सोबतीने केलेलं. फोन टेबलावर ठेवायचा, आपण बोलायचं, समोर मोठ्या अक्षरात मराठीत उमटत जातं. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत बघा, नसेल तर प्ले स्टोअरवरून घ्या. आमचे आजोबा मशीन कानाला लावत नाहीत, शिट्टी वाजते म्हणतात, पण हे वाचतात. अक्षरं मोठी करून द्या आणि खोलीत टीव्ही बंद ठेवा, नाहीतर मालिकेतली सासूपण त्यात बोलायला लागते.

कॉलवर चालू बोलण्याचं भाषांतर करणारे फोनपण आलेत, सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ पासून. त्यात हिंदी आहे. पण घ्यायच्या आधी तुम्हाला हवी ती भाषा त्या यादीत आहे का हे दुकानातच फोन हातात घेऊन बघा, जाहिरातीत "अनेक भाषा" एवढंच असतं.

फोनमध्येच होतं की बाहेर जातं?

याची एक घरगुती परीक्षा आहे. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायपण बंद, आणि फीचर वापरून बघा. चाललं तर निदान नेट नसताना तरी काम फोनमध्येच होतंय, नाही चाललं तर तुमचं बोलणं किंवा फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जातो. ट्रान्सलेटमध्ये मराठी आधीच डाउनलोड करून ठेवली तर नेट नसतानाही चालतं, घाटात, ट्रेनमध्ये उपयोगी.

जेमिनीशी केलेलं बोलणं नेहमीच्या सेटिंगला १८ महिने साठतं, आणि त्यातलं काही तपासणारी माणसं वाचू शकतात हे गुगलनेच लिहून ठेवलंय. ॲपमध्ये आपल्या प्रोफाइल फोटोवर दाबून ॲक्टिव्हिटीत गेलात की ते बंद करता येतं, जुनं पुसता येतं. तरी साधा नियम, आधार कार्ड, बँकेचं पासबुक, ओटीपी, यूपीआय पिन यातलं काहीही गप्पांत टाकायचं नाही. आधार कुठे द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं.

एआयचा दुसरा टोकाचा उपयोग भामटेपण करतात, नातवाचा आवाज काढून "आजी पैसे पाठव" म्हणणारे. आम्ही घरात एक शब्द ठरवलाय, तो सांगितला नाही तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन. आणि प्ले स्टोअरवरची "सुपर एआय" छापाची, आठवड्याला पैसे कापणारी ॲप टाकू नका, वरचं सगळं फुकटच आहे.

आणि मग बचत गटाची वही

निघायच्या दिवशी सकाळी आत्याने स्वतःच एक काम काढलं, मी सांगितलं नव्हतं. बचत गटाच्या वहीच्या पानाचा फोटो काढला, जेमिनीत टाकला आणि बोलली, "या महिन्याची बेरीज कर." मी म्हटलं आत्या, उत्तर आलं की लगेच लिहू नको, आधी त्याला प्रत्येक ओळ वेगळी लिहून दाखवायला सांग, नाव आणि रक्कम, मग बेरीज. यादी आली. ती वही मांडीवर घेऊन एकेक ओळ बोट ठेवून बघत गेली आणि अकराव्या ओळीवर थांबली. वहीत १९० होते, फोनवर ११० आले होते. लिहिणाऱ्या बाईचा ९ आणि १ सारखाच, शेपूट तेवढं जरा वळलेलं.

"अगं ही शालनच अशी लिहिते," आत्या म्हणाली, फोनला नाही, वहीला. मग परत माइक दाबून सांगितलं, "अकराव्या ओळीत एकशे नव्वद आहेत, परत कर." बेरीज ८० रुपयांनी वाढली, वहीशी जुळली, आणि तिने पेनाने त्या ९ भोवती गोल काढून ठेवला, पुढच्या मीटिंगला शालनकाकूंना दाखवायला.